न तोललेलं पोतं

थंडीतल्या सकाळी पत्र्याच्या शेडचं दार सरकवलं की आधी वास येतो. पेट्रोलचा, गारठलेल्या पत्र्याचा, जुन्या चामडी आसनांचा. त्या वासाच्या मागोमाग भीती येते. सात वर्षं झाली, ती काही जुनी होत नाही. लोकांना वाटतं, ज्या वस्तूचे आपण मालक असतो तिची भीती मोडते. कुणी सांगितलं? सापाच्या टोपलीचा मालकही झाकण काढताना हात जपूनच घालतो.

होय, मी एका विमानाचा मालक आहे. लातूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं मापाडी म्हणून दुसऱ्यांचं धान्य तोललं, शाळा चौथीपर्यंत, इंग्रजीत सही तेवढी येते. आणि विमानाच्या कागदावरच्या दोन नावांत एक माझं आहे. दुसरं बापूचं. बापू माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा पाठचा भाऊ, खरं तर तिचं लेकरूच. भूकंपात औशापलीकडचं त्यांचं गाव गेलं. आईबाप माळवदाखाली गाडले गेले, आणि चौदा वर्षांचा बापू अंगणात बाजेवर झोपला होता म्हणून उरला. तिनं त्याला आमच्याकडं आणलं. पुढं दोन वर्षं तो छताखाली निजला नाही. "अक्का, आभाळ पडत न्हाई. घरं पडतात," असं तो तिला म्हणायचा. ज्या माणसाचा जमिनीवरचाच भरवसा गेला, तो पुढं कुठं जाणार? तुम्हीच सांगा.

तो शिकला. फिजिक्स शिकवू लागला. लातुरात तेव्हा क्लासचं वारं सुटलं होतं. चाकूरची, कंधारची, देगलूरची पोरंपोरी वळकट्या घेऊन स्टँडवर उतरत, आणि त्यांच्या मागं आईबापांचे चेहरे असत, देवाला कौल लावल्यासारखे. बापूचा क्लास एका खोलीतून तीन मजल्यांवर गेला. आमच्या कारभारणीनं मुलींची खानावळ सुरू केली. बापूनं शिकवलेलं किती जणींच्या डोक्यात राहिलं ठाऊक नाही, तिचं वरण मात्र सगळ्यांच्या पोटात राहिलं. मग एके दिवशी बापूनं उडायला शिकून घेतलं, आणि वर्षभरात हे जुनं, चार आसनांचं विमान आणून उभं केलं.

दिसायला देखणं, यात वाद नाही. चांदीच्या माशासारखं अंग, आणि शेपटीला बाकीच्या विमानांसारख्या तीन फळ्या नाहीत. दोनच आहेत, वर तिरक्या उभारलेल्या, चाहूल लागलेल्या बैलाच्या कानांसारख्या. पण त्याचं नाव वाईट आहे. त्याची देखभाल करायला नांदेडहून येणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, हे अडाण्याला मारत नाही. हुशाराला मारतं." म्हणजे काय, तर ते अंगानं निसटतं आहे, ढगात शिरून माणूस गोंधळला की नाक खाली घालून धावत सुटतं, वेगाचा काटा लाल रेघेपलीकडं जातो, आणि शेपटीला कंप सुटतो. तो कंप एकदा सुटला की पुढचं सांगायला कुणी परत येत नाही. "घेतात कोण, तर डॉक्टर, वकील, मोठे व्यापारी," तो म्हणाला. "खाली ज्यांना कुणी थांब म्हणत नाही, ते वरही थांबत नाहीत."

मला बापूच्या दारापुढची चपलांची रांग आठवली. त्या रांगेत त्याला थांब म्हणणारं कोण होतं?

हे माझ्या बायकोनंही ओळखलं होतं. तिनंच अट घातली, विमानावर दाजींचं नाव लाव, त्यांना विचारल्याशिवाय चावी फिरवायची नाही. मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं? मला तर शिडीवर चढायची भीती वाटती." ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणूनच. त्याला भीती न्हाई. घरात एकाला तरी पाहिजे." आणि पुढं तिच्या दुखण्याच्या शेवटच्या आठवड्यात, आवाज पार खोल गेला होता तेव्हा, तिनं माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं: बापूला एकट्याला वर सोडायचं नाही. तेवढा एक शब्द माझ्या गळ्यात बांधून ती गेली.

म्हणून मी जातो. दर वेळी उजव्या आसनावर बसतो, गुडघे आवळून, ओठात नाव घेत. पण नुसता बसत नाही. त्या विमानातलं एक मर्म माझ्या धंद्यातलं निघालं. विमान म्हणजे उडता तराजू आहे. पंखांपाशी दांडीचा मध्य. पुढं यंत्र आणि पुढची दोन माणसं, मागं मागची माणसं आणि सामान. या विमानाला मागचं ओझं सोसत नाही. त्यातही खोच अशी, की पेट्रोलच्या टाक्या पंखांच्या पुढच्या अंगाला आहेत. पेट्रोल जळेल तसतसं पुढचं पारडं हलकं होतं. निघताना जे माप बरोबर होतं, ते पोचताना बरोबर राहत नाही. हे मला समजलं त्या दिवशी मी नीट जेवलो नव्हतो. संसाराचं गणितही असंच नसतं का? निघताना सगळं समतोल असतं. पुढचं काय जळत गेलं, ते उतरायची वेळ आल्यावर कळतं.

तेव्हा आमच्या शेडमध्ये एक काटा आहे, आणि नियम एक आहे. जे आत जाईल ते आधी काट्यावर जाईल, मग ते माणूस असो की पाण्याची बाटली. अंदाज चालत नाही. चाळीस वर्षं मोंढ्यात पोत्याकडं नुसतं बघून मी किलोभराच्या आत वजन सांगत आलो, तरी चालत नाही.

आता त्या सकाळचं सांगतो. तिचं वर्षश्राद्ध होतं. गोदावरीच्या घाटावर विधी आणि मग अन्नदान, असं ठरलेलं. नांदेडला उडत जायचा हट्ट बापूचा. देगलूरचे खादीरभाई आदल्या दिवशीच लातूरला येऊन राहिले होते. त्यांची डाळीची गिरणी आहे, आणि त्यांची मुलगी दोन वर्षं आमच्या खानावळीत जेवून मेडिकलला गेली. तिला ताप आला तर आमची ही तिच्या उशाशी बसायची. खादीरभाई हिला आपा म्हणत. बहिणीसारखं नव्हे, बहीणच. तेही आमच्याबरोबर येणार होते.

काट्यावर उभे राहताना ते हसले. "मापाडीभाई, मला तुरीसारखं तोलता का?"

"तुरीला ओल असती, वजा करता येती. तुमचं काय वजा करू?"

"पोट करा," बापू म्हणाला, आणि तिघंही हसलो. त्या वर्षातलं आमचं ते पहिलं हसू असावं.

मग त्यांनी जीपमधून एक पोतं उतरवलं. नवी तूरडाळ, स्वतःच्या गिरणीची, स्वतः निवडलेली. मी सवयीनं काट्याकडं हात केला. खादीरभाई हळू आवाजात म्हणाले, "ह्याचं वजन नक्को करू भाई. आपाच्या नावाचं हाय."

आमच्याकडं रीतच आहे, दानाला माप लावायचं नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं तर नाहीच नाही. तोललं की ते दान राहत नाही, माल होतो. मोंढ्यात उभी हयात गेली, पण खळ्यावरून देवाच्या नावानं काढलेलं पोतं मी कधी काट्यावर चढवलं नाही. आणि त्या क्षणी तर मला पोतं दिसतही नव्हतं. डोळे भरले होते. मी मान हलवली, खादीरभाईंनी आणि बापूनं ते मागच्या खणात ठेवलं, मी दार लावलं. मीच. माझ्या हातानं.

जमीन सोडतानाच नाक रोजच्यापेक्षा लवकर वर आलं. बापूनं ते खाली दाबलं. खाली तुरीची, हरभऱ्याची रानं, त्यांवर धुक्याची पातळ साय. एरवी मी त्याकडं बघून भीती विसरायचा प्रयत्न करतो. त्या दिवशी मी बापूच्या हाताकडं बघत होतो. नाक खाली राखायचं एक लहान चाक असतं, ते तो थोडं फिरवी, थांबे, पुन्हा फिरवी. वीसएक मिनिटांनी तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दाजी, चाक संपलं."

"म्हणजे?"

"म्हणजे ते आणखी फिरत न्हाई. आता नाक माझ्या हाताच्या जोरावर आहे. उतरताना वेग कमी करावा लागंल, तेव्हा ते हातात राहणार न्हाई. वर जाईल, आणि मग आपण दगडासारखे."

तो वाक्य पूर्ण करत नव्हता. मला भूकंपाचा दिवस आठवला; ढिगाऱ्यापुढं उभी राहून ती अशीच अर्धी वाक्यं बोलत होती. इतक्या वर्षांत ज्याला भ्यालो, ते हे होतं. तिच्या भावाला घेऊन ते माझ्या शेजारी येऊन बसलं होतं, आणि न तोलता त्याला आत मीच घेतलं होतं.

"पोतं," मी म्हणालो. "खादीरभाई, पोतं पुढं घ्या."

ते मागच्या आसनावर उलटे वळले, ओढून पाहिलं. सत्तरीजवळचा माणूस, पोतं आसनाच्या पाठीवरून येईना. तेव्हा माझ्यातला मापाडी जागा झाला. म्हणालो, "तोंडाची शिवण हाय न्हवं, उजव्या टोकाचा दोरा ओढा, सगळी उसवंल." उसवली. विधीचा तांब्या माझ्या पिशवीत होता, तो मागं दिला. माझी लोकरीची शाल मांडीवर ओच्यासारखी पसरली.

"दाणा सांडू देऊ नका," बापू पुढं बघतच म्हणाला. "पायाखालच्या पेडलांत अडकला तर वळवणंही हातचं जाईल."

खादीरभाईंनी पहिला तांब्या भरून दिला. मी तो शालीत ओतला आणि तोंडातून आपोआप निघालं, "लाभ." मोंढ्यात पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. मग दोन, तीन, चार. मोजणं चुकत नव्हतं. खादीरभाई मागून प्रत्येक तांब्याबरोबर अल्लाचं नाव घेत होते आणि मी आकडा. ज्या दानाला माप लावायचं नाही म्हणून मी मान हलवली होती, ते मी आभाळात बसून तांब्या तांब्यानं मोजत होतो. रीत मोडल्याचं पाप लागत असेल तर लागो. माझ्या डाव्या हाताला तिचा भाऊ बसला होता.

सव्वीस झाले तेव्हा बापू म्हणाला, "चाक मागं येऊन राहिलंय." तिसाव्याला त्यानं पुरे म्हटलं. मांडीवर डाळीचं ओझं, दोन्ही हातांचा वेढा त्याला, आणि समोर नांदेडची धावपट्टी मोठी मोठी होत आलेली. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. मिटले. चाकं टेकल्याचा आवाज झाला.

घाटावर विधी झाला. डाळ शिजली, पंगती बसल्या, लोक जेवून उठले. मी वाढत होतो. मग खादीरभाईंना विचारलं, "किती होतं?"

"चाळीस."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही रडून राहिला होता भाई. रडणाऱ्याला वजन काय सांगायचं?"

बापूनंही मान खाली घातली. "मला दिसलं होतं, तोललं न्हाई ते. मनात आलं, आज दाजींना टोकायचं न्हाई."

तेव्हा मला त्या मेकॅनिकच्या बोलण्याचा उरलेला अर्थ लागला. हे विमान पैसेवाल्याला मारत नाही, शिकलेल्याला मारत नाही. ज्याला कुणी थांब म्हणत नाही, त्याला मारतं. आणि दुःखात बुडालेल्या म्हाताऱ्याइतका मोकाट दुसरा कोण असतो? वर्षभर मला कुणी काही म्हणालं नव्हतं. उशिरा उठलो तर नाही, बोललो नाही तर नाही, ताट परत केलं तर नाही. लोकांनी माझा मान राखला. त्या मानापायी आम्ही तिघं मरत होतो.

"जाताना सगळं तोलायचं," मी म्हणालो. "कुणाच्याही नावाचं असू दे."

"मग तुम्हीही," बापू म्हणाला.

मी थांबलो. माझं वजन आम्ही बासष्ट धरत आलो होतो, पहिल्या वर्षी एकदा केलं होतं तेवढंच. तोलणारा स्वतः कधी काट्यावर चढतो का? बापूनं रिक्षा नांदेडच्या मोंढ्यात घेतली, एका ओळखीच्या आडत दुकानापाशी थांबवली, आणि मला हाताला धरून काट्यावर उभं केलं. एक्कावन्न. त्यानं मला उतरवलं, पुन्हा चढवलं. एक्कावन्न. पुढच्या आसनावरचे अकरा किलो वर्षभरात कुठं तरी गेले होते, आणि आम्ही सगळा दोष पोत्याला देत होतो.

बापू त्या आकड्याकडं बघत राहिला. मग रिक्षातून डबा घेऊन आला. घाटावरचं वरण, भात, तिच्या पद्धतीनं लसणाची फोडणी दिलेलं. आडतीच्या पायरीवर त्यानं मला बसवलं आणि डबा मांडीवर ठेवला.

"मला भूक न्हाई," मी म्हणालो.

"मी विचारलं न्हाई," तो म्हणाला. "हे संपल्याशिवाय आज विमान उडणार न्हाई. कागदावर माझंबी नाव हाय."

खादीरभाई दुसरीकडं बघत उभे राहिले. भीती होतीच, परतीचं आभाळ अजून पार करायचं होतं, आणि पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळीही. पहिला घास घशाखाली उतरायला फार वेळ लागला. दुसरा त्याहून कमी. डबा रिकामा झाला तेव्हा बापू उठू लागला, तर मी त्याला खाली बसवलं आणि आणखी भात मिळतो का बघ म्हणालो.