वेशीबाहेर ठेवलेली नवी गाडी

ते प्रकरण आठवलं की आजही आधी गोंधळायला होतं, मग एकेक गोष्ट आपापल्या जागी बसते. चोऱ्या, दरोडे, बांधावरच्या मारामाऱ्या, खून, सगळं नोकरीत पाहिलं. पण गुन्हा नेमका कोणता झालाय हेच कळत नाही, असं प्रकरण माझ्या वाट्याला एकदाच आलं. कुणाचं नाव देत नाही. ती माणसं आपापल्या घरी सुखात आहेत, त्यांना पुन्हा चावडीवर कशाला आणायचं?

टाळेबंदीचा पहिला उन्हाळा होता. सांगोल्याकडच्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. ठाण्याचं रूप पार बदलून गेलं होतं. तक्रारदार दाराबाहेर चुन्याच्या गोलात उभा राहायचा. संशयित आणला की आधी त्याचा ताप बघायचा आणि मग त्याचा गुन्हा. निम्मे कर्मचारी नाकाबंदीवर, उरलेले जनावरांच्या चाऱ्यापासून औषधांपर्यंत सगळ्याचे पास तपासण्यात. चोर घरात बसले होते आणि एरवी ठाण्याची पायरी न चढणारी सरळ माणसं रोज कायदा मोडत होती.

एका सकाळी गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, वेशीवर नवी कोरी गाडी हुबी हाय. नंबर न्हाय, मानूस न्हाय."

"कधीपासून?"

"कालच्याला सकाळी दिसली बगा."

"मग मला आज सांगताय?"

"काल फवारणी चालली हुती की."

फवारणीचा अर्थ तिथं गेल्यावर कळला. डाळिंबाचं गाव. बागेवर औषध मारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर गावकऱ्यांनी वेशीवर आणला आणि त्यातून निर्जंतुकीकरणाचं पाणी गाडीवर असं मारलं होतं, की बागेलाही एवढं कुणी मारत नाही. पांढरी, सात माणसांची मोठी गाडी, आत सीटांवर प्लास्टिक तसंच. चारी बाजूंनी दोर बांधलेला आणि दोराला पुठ्ठा लटकवलेला : 'क्वारंटाईन. हात लावू नये.'

मी गावच्या कोरोना समितीच्या प्रमुखांना विचारलं, "गाडीला क्वारंटाईन कशाला?"

"मागं काचंवर पुण्याच्या शोरूमचं नाव हाय. पुण्यासनं आलेल्या मानसाला चौदा दिवस, मग गाडीला का न्हाय? सगळ्यास्नी नेम सारखाच."

 त्या दिवसांत वरून रोज नवा आदेश यायचा आणि त्यात गाडीचा उल्लेख नक्की नाही, हे मीसुद्धा छातीठोकपणे सांगू शकलो नसतो.

माझ्याबरोबरच्या हवालदारांना मात्र दुसरंच दिसलं होतं. बॉनेटवर आणि पुढच्या काचेवर लाल ओघळ सुकले होते. "साहेब, रक्त हाय," ते हळूच म्हणाले. हवालदार माझ्यापेक्षा वयानं मोठे, माणूस इमानी. पण सायकल चोरीच्या तक्रारीतही त्यांना खून दिसायचा, म्हणून मी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. दोराच्या आत जायला कुणी तयार नव्हतं. खोटं कशाला सांगू, मीही बाहेरूनच फोटो काढले.

काचेवरच्या शोरूमच्या नंबरवर फोन लावला. व्यवस्थापक म्हणाले, गाडी पाडव्याच्या मुहूर्तासाठी बुक केली होती, ऐन तेव्हाच सगळं बंद झालं. आता परवानगी मिळाल्यावर मालकानं अधिकारपत्र देऊन आपला ड्रायव्हर पाठवला, आणि तो रीतसर पास दाखवून गाडी घेऊन गेला. मालकाचं नाव विचारलं तर तो त्याच गावचा डाळिंब बागायतदार निघाला. वेशीपासून हाकेच्या अंतरावर त्याची वस्ती. माणूस गावात, त्याची नवी गाडी गावाच्या वेशीवर, आणि गाव म्हणतंय बेवारस आहे.

हे डोक्यात बसवतोय तोवर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या टेंभुर्णीहून सहकारी अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांच्या ठाण्याच्या दारात एक बाई आदल्या दिवसापासून येऊन बसत होती. नवरा भाड्यानं ड्रायव्हरकी करतो, सांगोल्याकडच्या एका बागायतदाराची नवी गाडी आणायला पुण्याला गेला, तो परतलाच नाही. फोन बंद. फोनचं शेवटचं ठिकाण पुण्याकडून येताना टेंभुर्णीच्या थोडं अलीकडचं. टेंभुर्णीच्या नाक्यावरच्या शिपायाला मात्र पांढरी, बिननंबरची गाडी पक्की आठवत होती. पास बघून त्यानं ती सोडली होती. ड्रायव्हरच्या तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, त्यामुळे चेहरा सांगता येत नव्हता.

सहकाऱ्यांनी फोन त्या बाईंकडे दिला. मी म्हटलं, "बाई, गाडी टेंभुर्णीतून पुढं गेलीय. म्हणजे तुमचा माणूस तिथून सुखरूप गेला."

"त्यो न्हवं साहेब," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"आमचं घर रस्त्यालाच हाय. गाडी कुणाची बी असू दे, मालक श्येजारी बसलेला असू दे, घरापुढं थांबून च्या घेतल्याबिगर त्यो म्होरं जात न्हाय. घरावरनं गेला आन् थांबला न्हाय, म्हंजी गाडी दुसरंच कोन तरी चालवत हुतं. माज्या मानसाचं काय केलं त्येनी, तेवडं हुडका."

फोन ठेवला आणि हवालदारांकडे पाहिलं.  त्यांचं ते लाल ओघळांचं म्हणणं आता मलाही हसण्यावारी नेता येईना. नव्या गाडीसाठी रस्त्यात ड्रायव्हरला मारलं असेल, तर गाडी मालकाच्याच गावात आणून का ठेवली? मालकाचाच हात असेल, तर त्यानं स्वतःच्या गाडीसाठी स्वतःचा ड्रायव्हर का मारावा? कुठूनही सुरुवात केली तरी वाट फिरून त्या दोरापाशीच येत होती.

बागायतदाराला चौकशीसाठी बोलावलं. ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली तो एका खुर्चीत, मी लांब दुसऱ्या खुर्चीत. मास्कमुळे माणसाचं निम्मं तोंड झाकलं होतं आणि आमची निम्मी चौकशी तोंड बघूनच होते. ओठ सुकतात, गाल हलतो, गिळताना गळा दिसतो. इथं नुसते डोळे, तेही उन्हानं बारीक झालेले.

"गाडी तुमची?"

"बुक केली व्हती."

"वेशीवर उभी आहे ती तुमचीच ना?"

"असंल."

"असंल म्हणजे?"

"समितीनं क्वारंटाईन केलीया. सुटल्यावर बगू."

"ड्रायव्हर कुठाय?"

"गाडी लावली आन् ग्येला."

"कुठं? कशानं? एसटी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही."

"ते त्येला ठावं."

माणूस गुन्हेगारासारखा उत्तरं देत होता आणि गुन्हेगारासारखा दिसत नव्हता. खोटं बोलणारा साधारण एक गोष्ट रचून आणतो. यानं काहीच रचलं नव्हतं. नुसता प्रत्येक प्रश्न ढकलत होता, दारात आलेल्याला दार न उघडता परत पाठवावं तसा. मी आवाज चढवला, खुनाचा संशय आहे हेही सांगितलं. तरी तोंड उघडेना. दोन तास गेले आणि मी होतो तिथंच होतो. मला त्याचा राग आला होता, आणि त्या बाईंचा आवाज कानातून जात नव्हता.

शेवटी त्याला ठाण्यातच बसवून मी पुन्हा वेशीवर गेलो. रक्त असेल तर नमुना घ्यायलाच हवा होता. हातमोजे घातले, दोर उचलला आणि आत शिरलो. समितीची माणसं चार पावलं मागं सरकली.

जवळ गेल्यावर कळलं, ते रक्त नव्हतं, कुंकू होतं. वायपरच्या खाचेत तांदळाचे दाणे अडकले होते. गाडीची पूजा झाली होती. पण असली पूजा मी कधी पाहिली नव्हती. नव्या गाडीवर बोटानं स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढ्यात नारळ फोडतात. इथं स्वस्तिक नव्हतं, हार नव्हता. कुंकवाचं पाणी तांब्यातून लांबूनच भिरकावलं होतं. नारळाची करवंटी दोराच्याही पलीकडे, एका दगडाशी पडली होती.

त्या ओघळांवरून फवारणीच्या पाण्याच्या रेघा गेल्या होत्या. म्हणजे पूजा आधी आणि फवारणी नंतर. गावानं गाडी पाहिली, पुणं वाचलं आणि मग ते घाबरलं. त्याच्या आधी कुणीतरी या गाडीला आपली म्हणून ओवाळलं होतं, आणि हात न लावण्याइतकं ते तेव्हाच घाबरलेलं होतं. कशाला? नुसत्या नव्या गाडीला कुणी एवढं घाबरत नाही. तिच्यातून उतरलेल्या माणसाला घाबरतं.

तिथून थेट बागायतदाराच्या वस्तीवर गेलो. त्याची बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी ड्रायव्हरचं नावच काढलं नाही. अंगणातूनच विचारलं, "ताई, गाडीला तुम्हीच ओवाळलं ना?"

"व्हय." त्यांनी पदर सावरला. "पाडव्याची गाडी. पूजेबिगर कशी ठिवायची?"

"मग इतक्या लांबून का?"

बाईंचा हात परातीतच थांबला. मी वाट पाहिली. चौकशीत गप्प बसणं हे बोलण्याइतकंच कामाचं असतं.

"लई खोकत हुता त्यो," बाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "वेशीपतुरच गाडी आनली, म्होरं बळ न्हवतं, उतरताबी येईना त्येला. आमचं मालक म्हनलं, गावाला कळलं तर वस्तीला पत्रं ठोकत्याल, माल झाडावरच नासंल, पोरास्नी दवाखान्यात न्हेत्याल. म्हनून लांबनं वाट दावत बागंतल्या श्येडात ठिवलाय. मी दारात भाकरी ठिवून येत्ये. काल खाल्ली. आज हाय तशीच हाय."

डाळिंबं भरायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारच्या उन्हात उभं राहवत नव्हतं. तो खताच्या रिकाम्या पोत्यांवर पडला होता. प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते. मी नाव घेऊन हाक मारली तर डोळे उघडले, पण शब्द फुटेना. गाडीची किल्ली मुठीत होती. ती त्यानं कुणाला दिली नव्हती आणि मागायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

रुग्णवाहिकेला फोन केला. जवळची सोलापूरला गेलेली, दुसरीला यायला किती वेळ लागेल ते सांगता येत नव्हतं. आमच्या जीपमध्ये आडवं झोपवायला जागा नव्हती. एवढ्यात, मी फोनवर सांगितल्याप्रमाणे, बागायतदाराला घेऊन हवालदार तिथं पोचले. नवरा काही बोलायच्या आत बाईच पुढं झाल्या.

"आपली गाडी काडा."

"अगं, पर..."

"तुमी चालवा. तुमच्यापायीच गेलाय की त्यो पुण्याला."

 मग त्यानं उपरणं तोंडाला गच्च बांधलं, ड्रायव्हरच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली आणि वेशीकडं निघाला. समितीच्या प्रमुखांनी त्याला येताना पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता दोर सोडला. सीटांवरच्या प्लास्टिकसकट ती गाडी निघाली, पुढं आमची जीप भोंगा वाजवत. सोलापूरच्या दवाखान्याच्या दारात बागायतदार खाली उतरला, तेव्हा त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. मला म्हणाला, "साहेब, काय करायचं त्ये करा आता. पर ह्यो वाचू द्या."

कागदोपत्री त्या प्रकरणात साथीचे नियम मोडल्याची आणि माहिती लपवल्याची नोंद झाली. वस्ती बंद झाली. पण गावानं माल तोडून दिला, तोही त्याच समितीनं. ड्रायव्हर बरेच दिवस ऑक्सिजनवर होता. त्याची बायको टेंभुर्णीहून कशी आली मला माहीत नाही, पण रोज दवाखान्याच्या फाटकाबाहेर असायची म्हणे. आत कुणालाच सोडत नव्हते.

तो बरा झाल्यावर जबाब घ्यायला मी गेलो. माझ्या मनात दोनच गोष्टी अडकून होत्या. इतकी वर्षं मी एकच शिकत आणि शिकवत आलो होतो : फोन बंद केला म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय, आणि घर टाळलं म्हणजे घरापासूनच लपवतोय. त्याला मी तेच विचारलं. फोन का बंद केलास? घरावरून गेलास, मग थांबला का नाहीस?

त्याला अजून दम लागत होता. सावकाश म्हणाला, "साहेब, पुण्यासनं निगतानाच अंगात कणकण हुती. घर आलं तवा ती दारातच हुबी हुती, रस्त्याकडं बगत. थांबलो असतो तर च्या घिऊनच आली असती."

"आणि फोन?"

"ती इचारनार कुटं हाय म्हून. मला तिच्यासंगं खोटं बोलाय येत न्हाय. आन् खरं सांगितलं असतं, तर चालत आली असती."

मी जबाबात लिहिलं : आजारपणामुळे फोन बंद ठेवला. कायद्याला तेवढं पुरतं. नंतर नव्या अधिकाऱ्यांना तपासाबद्दल चार गोष्टी सांगायची वेळ आली, की मी हे प्रकरण सांगायचो. माणूस लपवतो तेव्हा त्याला काय मिळणार आहे, हा प्रश्न आपण पहिल्या दिवसापासून विचारायला शिकतो. तो कुणाला वाचवतोय, हेही विचारत जा, असं मी त्यांना सांगायचो.

जबाबावर सही घेऊन बाहेर आलो, तर बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यानं काय सांगितलं ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. 

मग म्हणाल्या, "गाडी जाताना दिसली हुती मला. मी हात बी केला हुता, नवी गाडी म्हनून."