तासिंगच्या मागे

पोलोय ताकोर्दा या वयात आपल्या थोरल्या मेव्हणीच्या मागे लागलाय, ही बातमी सान ओनोफ्रेच्या मासळीबाजारात मंगळवारी सकाळी सहाला पोचली, आणि सव्वासहाच्या आत पाट्यांतल्या मासळीबरोबर गावभर वाटून झाली. बातमीला साक्षीदार होता. धक्क्यावरच्या एका हमालाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पोलोय आपल्या तीनचाकीवर बसून एका नाखव्याला सांगत होता, "तासिंगसाठी अर्धं आयुष्य थांबलोय मी. तिच्यासारख्या सगळ्या हातातोंडाशी येऊन निसटल्या. आता ही गिगमोतोला गेली तर गिगमोतोला जाईन, वीगाला गेली तर वीगाला. या खेपेला सोडत नाही."

गावात तासिंग एकच. अनास्तासिया, पोलोयच्या बायकोची थोरली बहीण. वय पंचावन्न, वजन विचारायची कोणाची छाती नाही, आणि बोलायला लागली की शेजारचा कोंबडासुद्धा आरवणं पुढे ढकलतो. अशा बाईच्या मागे कोणी लागतो, यापेक्षा लागायची हिंमत करतो, याचंच बाजाराला जास्त कौतुक वाटलं.

बातमी पोलोयच्या बायकोपर्यंत पोचली तेव्हा सियांग डुकराला कोंडा घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि बातमी आणणारीला म्हणाली, "घेऊन जा म्हणावं खुशाल. फक्त परत आणून टाकायची नाही. आणि काय गं, तुझ्या घरातला रेडिओ मेलाय का?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या काळी हवामानखात्याची रीतच होती तशी. वर्षातल्या वादळांना एकेका मुळाक्षराने बायकांची नावं द्यायची, तीही घरात हाक मारतात तशी. त्या साली वादळं उदंड झाली. नोव्हेंबर उजाडेपर्यंत खात्याची पाळी 'त' वर आली, आणि आमच्या बेटापासून सहाशे किलोमीटरवर भर समुद्रात तासिंग जन्माला आली.

बाजार हिरमुसला. पण बातमी फुकट जाऊ द्यायची आमच्या गावाची पद्धत नाही. त्या दिवसापासून रेडिओ लागला की लोक खुर्च्या ओढून बसायला लागले.

"तासिंग सध्या एकाच जागी बसून आहे," रेडिओ म्हणायचा.

"तिला उठवणार कोण?" कोणीतरी म्हणायचं.

"तासिंगचा घेर वाढत चालला आहे. नागरिकांनी समोर जाऊ नये."

"हे सांगायला सरकार कशाला पाहिजे!"

खुद्द मानाय तासिंग (थोरल्या बहिणीला आमच्याकडे मानाय म्हणतात, आणि तिला सगळं गावच मानाय म्हणायचं) हे सगळं ऐकत होती आणि कोण कोण हसलं ते मनात टिपून ठेवत होती.

पोलोयचं पोट दोन धंद्यांवर चालायचं. बाजाराच्या दिवशी तीनचाकी, बाकीच्या दिवशी कॅमेरा. भावाने सौदीहून पाठवलेला तो कॅमेरा खांद्यावर घेतला की कोकरू चोरून नेतोय असं दिसायचं. लग्न, बारसं, मयत, कोंबड्यांची झुंज, सगळं तो एकाच गंभीर चेहऱ्याने टिपायचा. पण हे पोटापुरतं. त्याचा जीव होता वादळात. रेडिओवर धोक्याचा पहिला बावटा चढला की हा कॅमेरा तांदळाच्या पोत्यात गुंडाळणार, पोतं प्लास्टिकच्या टबात ठेवणार, टब तीनचाकीच्या जोडगाडीत बांधणार आणि सगळी माणसं ज्या दिशेने पळत येतात तिच्या उलट दिशेने निघणार. वाटेत नाखव्यांना विचारणार, "कुठून येतेय? लाट कशी आहे? पक्षी दिसले का?"

सतरा वर्षांत तेरा वादळं. तेराही कॅसेटी घरात कोठाराच्या फळीवर रांगेने उभ्या. पहिल्या कॅसेटीत अर्धा तास नुसता काळोख आहे. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं होतं. चौथीत भिंगावर वाफ धरली, त्यामुळे भाताची पेज उकळताना पाहिल्यासारखं वाटतं. सातवीत छपरं उडायला लागतात, माड जमिनीला टेकतात, आणि ऐन रंगात येतं तोच कोणीतरी ओरडतं, "पोलोय, अरे हात लाव!" मग पुढचा सगळा वेळ जमिनीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून पोलोयचे पाय आणि कप्तानांची, म्हणजे आमच्या गावच्या सरपंचांची, गाभण डुकरीण दिसते, कारण तिला टेबलावर चढवायला चार माणसं कमी पडत होती. बहुतेक कॅसेटींचा शेवट हा असाच. गावाने त्यांना नाव ठेवलं होतं, 'पोलोयचे पाय, भाग अमुक'. पावसाळी संध्याकाळी करमेनासं झालं की लोक हसायला म्हणून त्या बघायला यायचे. पोलोयही हसायचा.

मात्र एका गोष्टीवर तो हसत नसे. त्याला वादळाचा डोळा हवा होता. वादळाच्या ऐन मध्यावर जी शांत जागा असते, ती. नऊ वर्षांचा असताना बापाने त्याला हाताला धरून मोडक्या घराबाहेर नेलं होतं, वर बघायला लावलं होतं आणि म्हटलं होतं, "बघून घे नीट. आई विचारेल तर सांगता आलं पाहिजे." आई माळ्याखाली डोळे मिटून जपमाळ ओढत होती, ती बाहेर आलीच नाही. पोलोयने नंतर तिला पुष्कळ सांगितलं, पण ते पोराला सांगता येण्यासारखं नव्हतं. आई गेली, बाप गेला, आणि पोलोय अजून सांगायच्या खटपटीत होता. तेरा वादळांत डोळा एकदाही त्याच्या डोक्यावरून गेला नव्हता. कधी वीस मैल वरून जायचा, कधी खालून.

तासिंगने मात्र बुधवारी रात्री बैठक मोडली आणि सरळ आमच्या अंगावर चालून यायला लागली. हिशेबाने शनिवारी सकाळी ती आमच्याच बेटावरच्या गिगमोतोवर चढणार होती. पोलोयने टब बांधला, तेल भरलं, आणि दारात मानाय तासिंग उभी.

"कुठे निघाला?"

"गिगमोतोला, मानाय."

"शनिवारी कोणाचं लग्न आहे?"

पोलोयने जीभ चावली. शनिवारी दहा वाजता मानायच्या मुलीचं, रोवेनाचं लग्न होतं आणि चित्रण करायचा शब्द त्याने चार महिन्यांपूर्वी दिला होता.

"पण मानाय, वादळ येतंय. पुढे ढकला ना."

"ढकला? नवरा मुलगा बोटीवरचा आहे. सोमवारी त्याला मनिलात हजर व्हायचंय, नाहीतर बोट जाते. मग तो नऊ महिन्यांनी उगवणार. आणि पुढे ढकललेलं लग्न कधी लागल्याचं ऐकलंयस?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यात त्या अवदसेने पोशाख अंगावर घालून बघितला. लग्नाआधी! सांगून सांगून थकले. हे वादळ तिनेच ओढवून आणलंय."

मानाय पुढे सरकली. "आणि ऐक. बेनियाच्या पोरीच्या लग्नाची कॅसेट मी पाहिली. गुलाबी पोशाख घालून दोन तास पहिल्या बाकावर बसले होते मी. त्यात माझं कोपर दिसतं. एक कोपर! या खेपेला ते चालायचं नाही. पहिल्या घंटेपासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत तासिंग दिसली पाहिजे. नवरानवरी एकवेळ सुटली तरी चालतील. तासिंग सुटता कामा नये. घे गावच्या संताची, सान ओनोफ्रेची शपथ."

पोलोयने शपथ घेतली. दुसरा मार्गच नव्हता. बायको तिचीच बहीण, घर तिच्याच भिंतीला लागून, आणि गिगमोतोचा रस्ता तिच्याच दारावरून. त्याने टब सोडला. त्या रात्री तो जेवला नाही. सियांगने अळूची पानं नारळाच्या रसात शिजवली होती, भरपूर मिरच्या घालून, त्याला आवडतात तशी. ती तशीच राहिली. चौदावी आणि कदाचित शेवटची संधी तो एका गुलाबी पोशाखापायी घालवून बसला होता.

शनिवारी पहाटेपासून वारा सुटला. दगडी भिंती म्हणाल तर गावात फक्त चर्चला. सातपर्यंत सगळं गाव पोरंबाळं, भाताची भांडी, कोंबड्या, डुकरं घेऊन आत येऊन बसलं. वारा उत्तरेचा, म्हणून सगळे उत्तरेच्या भिंतीला चिकटून. लग्नाला इतकी हजेरी आमच्याकडे आजवर कधी लागली नव्हती. आमंत्रण नसलेलेही आले होते, आणि येताना स्वतःचं जेवण घेऊन. आठ वाजता वेदीवरच्या छपराचे पत्रे एकेक करून उठले आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघून गेले. बाया प्रार्थना म्हणत होत्या. नवरी कोपऱ्यात पिंपात बसवलेली होती, तिच्यासाठी नव्हे, पोशाखासाठी. पोलोय भिंतीला टेकून कॅमेऱ्याची बॅटरी काखेत धरून बसला होता, आणि हातातल्या घड्याळाकडे पाहून पुटपुटत होता, "आता ती गिगमोतोत असेल."

साडेदहाला वारा थांबला.

उतरला नाही, थांबला. कोणीतरी दार लावावं तसा. एवढ्या वेळ ओरडून बोलणारी माणसं तशीच ओरडत राहिली, आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून चपापली. पाद्रे युलालियोंनी पोलोयकडे पाहिलं. गावात या विषयातलं कळणारा माणूस एकच.

"पोलोय, संपलं का रे?"

पोलोय उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नाही पाद्रे. मध्यावर आलोय. ती वळली असणार. गिगमोतोला नाही गेली." त्याने काखेतली बॅटरी कॅमेऱ्यात बसवली. "इथेच आली."

"वेळ किती?"

"चाळीस मिनिटं. पस्तीस धरा."

पाद्रेंनी बाह्या सावरल्या. "पस्तीस मिनिटांत लग्न होतं. प्रवचन गाळलं तर."

"गाळा, पाद्रे!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं. इतकी श्रद्धा पाद्रेंनी आजवर कधी पाहिली नव्हती.

पोलोय दाराकडे निघाला. किनारा दोनशे पावलांवर. पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तोच मागून त्याची कॉलर धरली गेली.

"कुठे?"

"मानाय, फक्त पाच मिनिटं. मला बाहेर..."

"एक पाऊल बाहेर टाकलंस तर तिच्या लग्नाऐवजी तुझं दफन करून घेईन पाद्रेंकडून. शपथ काय घेतलीस?"

नवरीला पिंपातून काढलं. डेल्फिन, म्हणजे नवरा, अर्ध्या बाहीला चिकटलेलं कोंबडीचं पीस झटकत वेदीपुढे येऊन उभा राहिला. पोलोयने कॅमेरा खांद्यावर चढवला आणि गंभीर चेहऱ्याने सुरू केलं. नवरी दिसली, नवरा दिसला, मानाय तासिंग गुलाबी पोशाखात दिसली. मग नवरीच्या डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीवर अचानक ऊन पडलं. चर्चच्या आत, वेदीवर, ऊन. पोलोयने ते कुठून येतंय हे बघायला मान वर केली, आणि खांद्यावरचा कॅमेराही वर गेला.

वर छप्पर नव्हतं. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर पाहावं तसं ते होतं. चहूबाजूंनी ढगांच्या पांढऱ्याशुभ्र भिंती, उंचच उंच, हळूहळू गोल फिरणाऱ्या, आणि मधोमध निळं. आत अडकलेले समुद्रपक्षी त्या निळ्यात चकरा मारत होते. पोलोयने मान खाली केली नाही. त्याच्या गालावरून घाम ओघळत होता. निदान त्याचं म्हणणं तो घाम होता.

हे एकट्या सियांगने पाहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, वर पाहिलं, मग आपल्या बहिणीकडे पाहिलं. आणि डोक्यावरची मोठी झापाची टोपी नीट केली आणि नवरा आणि बहीण यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

आशीर्वाद झाला तेव्हा निळ्याची दक्षिणेकडची कड काळवंडायला लागली होती. मग मात्र पोलोय ओरडला, "उठा सगळे! या भिंतीला नाही, समोरच्या! आता ती उलटी येणार!" माणसं, भांडी, डुकरं, नवरीसकट पिंप, सगळं दक्षिणेच्या भिंतीला गेलं. शेवटची म्हातारी जागेवर बसते न बसते तोच वारा आला, आणि आम्ही सकाळभर जिथे बसलो होतो त्या जागेवर एक अख्खा दरवाजा येऊन आदळला. लग्नाच्या शेवयांचं पातेलं गेलं. माणूस एकही गेलं नाही.

दोन आठवड्यांनी कप्तानांच्या अंगणात जनित्र लावून कॅसेट दाखवली. डेल्फिन तोवर समुद्रावर होता. मानाय तासिंग तोच गुलाबी पोशाख घालून पहिल्या खुर्चीवर बसली. पडद्यावर चर्च आलं, नवरानवरी आले, मानाय आली. "बघा!" ती म्हणाली. मग चित्र हललं आणि वर गेलं, ते वरच राहिलं. एकतीस मिनिटं. खालून कुठूनतरी "हो, पाद्रे" असा डेल्फिनचा आवाज आला, मग रोवेनाचा, मग एक कोंबडी. कोणी हसलं नाही. 'पोलोयचे पाय' बघायला आलेली माणसं माना वर करून बसली होती, जणू आभाळ कप्तानांच्या टीव्हीतून बाहेर आलंय. रोवेना हळूच म्हणाली, "तिथे परत लावा ना, तो हो म्हणतो तिथे."

दिवे लागले. मानाय उठली. खुर्ची तिच्याबरोबर थोडी उठली आणि मग पडली.

"मेल्या, सान ओनोफ्रेची शपथ घेतली होतीस! काय सांगितलं होतं मी तुला?"

पोलोय कॅसेट डबीत घालत होता. त्याने वर पाहिलं.

"तासिंग सुटता कामा नये म्हणालात, मानाय. नाही सुटली."