सागवानी जमिनीवरचा पिवळा डाग

सोड्याच्या पाण्यात भिजवलेला फडका फिरवला आणि पिवळा डाग माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. चांगला कुंकवासारखा लाल. शेजारी उभे असलेले मॅनेजर दोन पावलं मागे सरले. "मिस्त्री, हे काय केलं तुम्ही?" मला ठाऊक असतं तर मी सांगितलं नसतं का?

मी सुतार. तीस वर्षं फर्निचर आणि पॉलिशची कामं करतोय, त्यातली निम्मी मोताळ्याच्या आसपास. हा बंगला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जुन्या जिनिंग फॅक्टरीचा. मालक अकोल्याला राहतात, अधूनमधून येतात; कारभार मॅनेजर बघतात. हॉलची जमीन सागाच्या फळ्यांची, मालकांच्या आजोबांनी घातलेली. मालकीणबाईंचा तिच्यावर फार जीव. त्या रविवारी येणार होत्या आणि हॉलमध्ये घमेल्याएवढा पिवळा डाग पडला होता.

दुसरा कोणी असता तर सँडर फिरवून मोकळा झाला असता. सँडर म्हणजे लाकडाचा वरचा थर घासून काढणारं मशीन. पण ही जमीन आधीच दोनदा घासलेली. फळ्या इतक्या झिजल्या होत्या की खिळ्यांची डोकी दिसायला लागली होती. त्यामुळे जुनं पॉलिश तसंच ठेवून नुसता डाग काढायचा होता.

डाग काढायचा तर आधी तो कशाचा ते कळायला हवं. पांढरट असेल तर ओल फक्त पॉलिशमध्ये शिरलेली असते, मेण चोळून भागतं. काळा असेल तर सागाला पाणी आणि लोखंड लागलेलं असतं, त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं. पिवळा डाग मात्र माझ्या हिशेबातच नव्हता. बंगल्याची राखण करणारे बाबाराव तिथेच उभे होते. मी त्यांना विचारलं, काय सांडलं होतं? ते मॅनेजरांकडे बघत म्हणाले, "पाणीच सांडलं असन, मिस्त्री."

पाण्यानं कधी पिवळं होतं का? हाताला तेलकट लागलं म्हणून मी सोडा घेतला होता, तर ही तऱ्हा. घाबरून ॲसिडचं पातळ पाणी लावलं. लाल गेला आणि पिवळा जसाच्या तसा परत आला. माझं डोकंच चालेना. जमीन वाळावी म्हणून खिडकी उघडी ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर खिडकीकडची कड फिकट झालेली आणि कपाटाकडची तशीच. एकच डाग, एकच लाकूड आणि दोन वागणुकी. त्या बाजूला मी काही वेगळं लावलं होतं का, तेही आठवेना.

मॅनेजर म्हणाले, डाग निघाला नाही तर बाबारावांची नोकरी जाईल, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते. बाबाराव आवारातल्याच एका खोलीत राहत. नोकरी गेली की खोलीही जाणार. ते कमरेची किल्ली चाचपत पुन्हा "पाणीच असन" एवढंच म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

संध्याकाळी घरी बायको माझे फडके धुवायला बसली. साबण लागताच एक फडका लाल झाला.

"कोणाच्या हळदीले गेलते?" तिनं विचारलं.

मी कुठेच गेलो नव्हतो. फडका बंगल्यातला आहे म्हणून सांगितलं.

"मंग बंगल्यात हळद लागली असन. साबण, सोडा लागला का हळद लाल होते. उन्हात टाका, जाते आपोआप."

तीस वर्षांत स्वतःचा एक सदरा धुतला नव्हता, त्याची ही शिक्षा. मला लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

सकाळी मॅनेजर यायच्या आधीच बाबारावांना गाठलं आणि हॉलमध्ये हळद कोणाची लागली ते विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "पोरीले पाटावर बसवलं अन् अवकाळी पाऊस आला, मिस्त्री. मंडप पडला. किल्ली कमरेलेच होती, हॉल उघडला." मला काऊन नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "मॅनेजरसमोर?"

डागाच्या मध्यापर्यंत ऊन पोचत नव्हतं. मी बंगल्यातल्या आतल्या खोलीतला ड्रेसिंग टेबलचा आरसा व्हरांड्यात मांडला आणि उन्हाचा कवडसा दारातून डागावर पाडला. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. ते काम दिवसभर बाबारावांनी केलं, जेवायलाही उठले नाहीत. दोन दिवसांत डाग गेला. मग मेण आणि टर्पेंटाइनचा हलका हात दिला. डाग ओलीचा होता, असं मी मॅनेजरांना सांगितलं. खोटं बोललो याचं मला काही वाईट वाटलं नाही.

रविवारी बाई आल्या. चपला काढून हॉलभर फिरल्या, खूश दिसल्या. मग एका जागी थांबल्या, खाली बसल्या आणि केसातली पिन काढून दोन फळ्यांच्या फटीतून काहीतरी उकरलं. तांदळाचा पिवळा दाणा. हळदीच्या पाटाभोवती तांदळाचा चौक मांडतात, त्यातला. मी फळ्या साफ केल्या होत्या, फटी नाही. मॅनेजर माझ्याकडे बघू लागले आणि मी खिडकीकडे.

"बाबाराव, पोरीची हळद इथंच लागली का?"

"हो, बाईसाहेब." त्यांची मान खाली गेली.

"अन् आम्हाले पत्रिका नाही?"

बाईंनी तो दाणा रुमालात बांधला. "पोरगी माहेरी आली का घेऊन या तिले. ओटी भरायची राहिली," म्हणाल्या आणि चहा मांडायला सांगितला.

तेव्हापासून डागाची चौकशी करायची असली की मी आधी साहेबाला बाहेर पाठवतो. सदरे अजूनही बायकोच धुते. पण डागाचं काम आलं की निघण्यापूर्वी तिला विचारून घेतो.