मिसेस पिकपच्या घरची समोरची खोली

"रद्द कर."

"नाही करणार."

"ग्लेंडा, मम दहा मिनिटांत येईल. त्याआधी दोन ओळी खरड, पेटीत टाकून येतो मी. तिला कळणारसुद्धा नाही."

"कळू दे की! पत्र गेलं, पैसे गेले, तिथल्या मालकीणबाईंचं उत्तरही आलं. यंदा ब्लॅकपूल नाही, क्लाइव्ह. यंदा क्रोमरचा समुद्र. लाकडी बंगली, दोन खोल्या, एक शेगडी आणि, नीट ऐक, दाराची किल्ली आपल्या हातात."

"किल्लीसाठी सुट्टीवर कोण जातं?"

"मी जाते!"

टेबलाखाली दोन वर्षांचा स्टुअर्ट चमच्याने पातेलं बडवत होता. पाच वर्षांची मॅन्डी दोन्ही कानांवर हात ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

ग्लेंडा मेचिन ही काही भांडखोर बाई नव्हे. स्टोकच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात ती कपांवर गुलाबाची चित्रं चिकटवायची. ओला कागद कपाच्या पोटावर असा सरकवायची की सुरकुती पडायची नाही, पाकळी वाकडी व्हायची नाही. दिवसाला शेकड्यांनी कप हाताखालून जायचे आणि एकही परत यायचा नाही. मुकादमीण तिला चिकाटीचा पुतळा म्हणायची. पण त्या पुतळ्यालाही लग्नानंतरच्या सात उन्हाळ्यांनी पुरतं जेरीस आणलं होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वार्षिक सुट्टीसाठी स्टोकच्या भट्ट्या थंड व्हायच्या आणि गाव रिकामं व्हायचं. म्हणजे काय, तर गाव उचलून ब्लॅकपूलला, समुद्रावर नेऊन ठेवलं जायचं. वर्षभर जिच्या कोपराला कोपर लावून काम केलं ती मेव्हिस तिथेही शेजारच्याच आरामखुर्चीत. तिथेही तेच बोलणं: कुणाचे कप तडकले, कुणाचा नवरा पळाला. त्यात मेचिन घराण्याचं बिऱ्हाड दरवर्षी मिसेस पिकपच्या जेवणाखाणासकटच्या लॉजमध्येच. निघायच्या दिवशी सासूबाई विनी, म्हणजे क्लाइव्हची मम, पुढच्या वर्षीचा तोच आठवडा राखून ठेवायला सांगूनच टॅक्सीत बसायच्या. ग्लेंडाला कुणी कधी विचारलंच नाही. आणि मिसेस पिकपचा नियम असा, की नाश्ता झाला की सकाळी दहाला सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळी पाचपर्यंत परत फिरकायचं नाही. ऊन असो, गारा पडोत, नाहीतर लेकराला ताप येवो.

गेल्या वर्षी तेच झालं. स्टुअर्टला दात येत होते, अंग तापलेलं, आणि पाऊस आडवा मारत होता. क्लाइव्ह कारखान्याच्या दोस्तांबरोबर 'जरा पाय मोकळे करायला' गेला होता, ते पाय थेट गुत्त्यात जाऊन मोकळे झाले. ग्लेंडाने समुद्राकाठच्या ट्रामथांब्यावर, फुटक्या काचेच्या आडोशाला, मांडीवर लंगोट बदलला. दोन वाजता तिने मिसेस पिकपची घंटा वाजवली. दार उघडलं नाही. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीची झडप तेवढी वर झाली आणि आतून आवाज आला, "पाच वाजता, मिसेस मेचिन." फट बंद.

त्या फटीसमोर ओल्या पायरीवर उभं असतानाच ग्लेंडाने ठरवलं होतं. सांगायला मात्र फेब्रुवारी उजाडला.

"आलेऽऽ!" मागचं दार ढकलून विनी आत शिरली. पासष्टीची, बुटकी, ठसठशीत. हातात पिशवीभर ओटकेक, ओटच्या पिठाची अजून गरम असलेली धिरडी, आणि चेहऱ्यावर अशी बातमी, की पोटात मावत नव्हती. "बसा, बसा सगळे. क्लाइव्ह, तू तर बसच. मिसेस पिकपचं पत्र आलंय. बिचारी मिसेस ऑलरनशॉ गेली."

"अरेरे," क्लाइव्ह म्हणाला.

"अरेरे काय, मूर्खा! समोरची खोली रिकामी झाली!"

एकोणतीस वर्षं ती तिथे जात होती. पहिल्या वर्षी विनीला मागची, कचऱ्याच्या डब्यांवरची खोली मिळाली होती. दर चार-पाच वर्षांनी जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणी मेलं, कुणी रुसलं, की ती एकेक खोली पुढे सरकायची. आता समोरची, समुद्राची खोली तिच्या नावावर येऊन ठेपली होती.

"आणि मी कळवलं," विनी ग्लेंडाकडे वळून म्हणाली, "की ती माझ्या सुनेला द्या. मी मागेच बरी. मला म्हातारीला काय करायचाय समुद्र? मुलांना दिसू दे."

क्लाइव्हने बायकोकडे पाहिलं. बघ, आता बोल, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं.

ग्लेंडा विरघळली, आणि विरघळली म्हणूनच आणखी चिडली. "मम, त्या खोलीतून समुद्र बघायला आधी खोलीत शिरू तर दिलं पाहिजे ना!"

"म्हणजे?"

"दहा ते पाच दार बंद. मग बघणार कोण? मिसेस पिकपची मांजर?"

"समुद्रावर जाऊन घरात काय बसायचं? हवा खायची!"

"दीड वर्षाच्या तापलेल्या पोराला? पावसात? मम, आम्ही येणार नाही. मी क्रोमरला बंगली घेतलीय."

विनीने ओटकेकची पिशवी हळूच टेबलावर ठेवली. "क्लाइव्ह?"

क्लाइव्ह बूट बघत होता. "मी तिला म्हटलं होतं रद्द कर म्हणून."

"वा रे शूर!" ग्लेंडा म्हणाली.

"तिथे ओळखीचं कोण आहे तुमच्या?" विनीचा आवाज चढला. "जेवायला कोण घालणार? सुट्टीत भांडी घासणार तू?"

"घासीन. बटाटे सोलीन, लंगोट धुवीन. पण पाऊस आला की दार उघडून आत जाईन."

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती. तेच घर, तोच नियम. मी नाही सांभाळला याला?"

"कुठे?" ग्लेंडाने विचारलं.

"काय कुठे?"

"पहिल्या वर्षी क्लाइव्ह दोनच वर्षांचा होता ना? पाऊस आला की कुठे नेत होता तुम्ही त्याला?"

टेबलाखालचं पातेलं जोरात वाजलं. विनी खिडकीकडे बघून म्हणाली, "ट्राममध्ये. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा अकरा फेऱ्या झाल्या. कंडक्टर शेवटी तिकीट विचारेनासा झाला." जणू कुणी त्याच्यावर आरोप केला होता अशा सुरात ती पुढे म्हणाली, "भला माणूस होता."

क्लाइव्हला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मम," ग्लेंडाचा आवाज उतरला, पण वैताग काही गेला नव्हता. "बंगलीत चार खाटा आहेत. स्टुअर्ट माझ्याजवळ झोपतो. चौथी रिकामीच राहील. येता?"

विनीने डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, हनुवटीखाली गाठ गच्च ओढली. नातवाच्या हातातला चमचा काढून टेबलावर ठेवला. मग मागचं दार उघडून, येते की नाही ते न सांगता, कुणाकडेही न बघता, ती अंगणातून रस्त्याला लागली.