तिला अंबाडी आवडायची

बायकोच्या दहाव्याला मुलांनी तिच्या आवडीचं पान ठेवलं, त्यात अंबाडीची भाजी नव्हती. "आईला अंबाडी चालायची नाही," थोरला गुरुजींना म्हणाला. मी शेजारीच उभा होतो.  आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. जन्मभर तिनं ती भाजी केली, आग्रह करकरून वाढली, पण स्वतःच्या ताटात घेतली नाही. नातवंडांना वाटतं, तिला आंबट सोसत नव्हतं. हे खोटं आहे आणि ते मी चालू दिलं.

आमचं लग्न झालं ते निजामाच्या अमदानीत. मी औरंगाबादेत कचेरीत कारकून होतो. ती हैदराबादेत वाढलेली. घर मराठीच, पण बोलण्यात 'हौ' आणि 'नक्को' यायचं. उर्दू तर तिची माझ्याहून सरस. मी ती छडी खात शिकलो होतो, तिच्या जिभेवर ती गल्लीत खेळता खेळता बसली होती. कचेरीतले मोठे अंमलदारही हैदराबादहून यायचे. त्यातला एक माझा मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि चारचौघांत माझ्या उच्चारांची नक्कल करायचा. मी 'जी हुजूर' म्हणायचो. मग घरी यायचो.

अशाच एका दिवशी तिनं पहिल्यांदा अंबाडी केली. माझी आई पैठणकडची. तिची रीत म्हणजे पाला उकडायचा, पिळून आंबट पाणी फेकून द्यायचं, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायचं. पानात वाढल्यावर वरून करडईच्या तेलात लाल झालेला लसूण. मी त्यावरच वाढलो. बायकोनं पाणी फेकलंच नव्हतं. कण्या नव्हत्या. कांदा, मिरच्या आणि तिळाचं कूट घालून तिनं भाजी तेलात काळपट होईपर्यंत परतली होती.

"हे काय?"

"अंबाडी. आमच्याकडं अशीच करतात."

"तुमच्याकडं!" मी वाटी सरकवली. "तुमचं हैदराबाद कचेरीत पुरे झालं. घरात नको."

"अहो, जरा चाखून तर बघा."

"वासच पुरे."

आई हसली. म्हणाली, "जाऊ दे गं पोरी. लेकराला आपलंच गोड लागतं."

दुसऱ्या दिवसापासून भाज्या आईनं आपल्याकडं घेतल्या. निवडणं, चिरणं, वाटणं सुनेचं. चुलीवर हात सासूचा. नव्या सुनेला फोडणी न देऊ देणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा. शेजारणी यायच्या आणि विचारायच्या, "आज भाजी कोणी केली?" आई म्हणायची, "मीच केली, बाई. तिच्या हातचं त्याला उतरत नाय." बायकोला तेवढंच पाहिजे होतं, आपल्या हातचं घरात कुणीतरी खावं. ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

पुढं आईला लांबलेला ताप आला आणि चूल बायकोकडं आली. तिनं आईचीच अंबाडी केली. पाणी फेकलं, कण्या घातल्या, लसूणही तसाच लाल. मी खाल्ली आणि म्हणालो, "आईची सर नाय."

आई बाजेवरून म्हणाली, "अरे, माझ्यासारखीच झालीय की! मीच सांगितली तिला."

झाली होती. घासागणिक तीच होती. तरी मी नकारार्थी मान हलवली. कबूल करायचं म्हणजे त्या दिवशीच्या वाटीचंही काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्याच दिवसांत मला चुलीमागं एक लहान पातेलं दिसलं, झाकलेलं. आत तिची ती काळपट भाजी होती. स्वतःपुरती, मूठभर.

"एका चुलीवर दोन अंबाड्या? बायका नावं ठेवतील," मी म्हणालो. पातेलं उचललं, परसात नेलं आणि म्हशीच्या आंबोणात रिकामं केलं.

ती दारात आली होती. "असू द्या," म्हणाली. "म्हशीला तरी आवडंल."

त्यानंतर तिनं अंबाडी खाल्ली नाही. ना तिची, ना आईची. निजामी गेली, तो अंमलदार कुठं गेला कोण जाणे, आई गेली. मी कितीदा म्हणू शकलो असतो, तुझी कर एकदा. म्हटलं नाही. मुलांनी विचारलं की ती म्हणायची, "मला नक्को, तुम्ही खा." पोरं त्या 'नक्को'ला हसायची. मीही हसायचो.

वर्षश्राद्धाला सून विचारायला आली, पान कशाचं ठेवायचं. मी म्हणालो, "अंबाडी."

"बाबा, आईंना तर..."

"आवडायची. तिच्या माहेरची." मग सगळं सांगितलं, आंबोणासकट. शेजारी बसलेला थोरला उठून बाहेर गेला. सून बसून राहिली. म्हणाली, "करते. कशी करायच्या त्या?"

आंबट पाणी फेकायचं नाही. तीळ भाजून कुटायचे. कांदा. मिरच्या हिरव्या की लाल, मला आठवेना. तीळ किती, परतायचं किती, सांगता येईना. तिनं केली आपल्या अंदाजानं आणि पान ठेवायच्या आधी वाटी माझ्यापुढं धरली.

"बघा, आईंच्यासारखी झालीय का?"

"मला विचारू नको," मी म्हणालो. "मी ती कधी खाल्लीच नाही."