न धुतलेल्या बाळोत्यांचं गाठोडं

माझ्या हातानं कावीळ उतरते, अशी लातूरकडच्या मुरुडच्या आसपास माझी ख्याती होती. विद्या बापाची. रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळंधमक. रोगी म्हणायचा, "उतरली!" मी म्हणायचो, "महादेवाची कृपा." खरं सांगायचं तर कुणाचेही हात धुतले तरी पाणी पिवळंच होतं. मी एकदा खोंडाचे खूर धुऊन बघितले. त्यालाही कावीळ निघाली. पण मोठ्या माणसाची कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते आणि नारळ माझ्या घरी येतो. महादेवानं कधी तक्रार केली नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास थोरल्याला लेक झाली. पावसाचा पत्ता नव्हता, टँकर चार दिवसांनी यायचा आणि पोरगी हळदीत बुडवल्यासारखी पिवळी. खोंडाचं ठाऊक असूनही मी तीन रविवार तिचे चिमुकले हात धुतले. आपल्या नावाला माणूस असा भुलतो. पाणी दर वेळी पिवळं, पोरगी त्याहून पिवळी.

चौथा रविवार यायच्या आत सून उभी राहिली. "मामा, मी लातूरला निघाले. दवाखान्याला."

"काविळीच्या वैद्याची नात डॉक्टरकडं? लोकं काय म्हणतील?"

"लोकान्ला म्हणा, सून येडी हाय."

मी सोबत गेलो ते डॉक्टरला खोटं पाडायला. पोरगी तिच्याकडं, गाठोडं माझ्याकडं. गाठोड्यात चार दिवसांची बाळोती. गावात प्यायलाच पाणी न्हाई, धुणार कशानं? जिल्ह्याच्या दवाखान्याला नळ असंल, तिथं धुवू, असा तिचा हिशेब. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाबा, बोकड मेलंय का काय त्यात?"

"परसाद हाय. घेतो का?"

दवाखान्यात पाटीचा रंग ओला होता आणि नळ कोरडा.

डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिनं नळी पोरीच्या छातीला डावीकडं लावली, मग उजवीकडं. "आजोबा, हिचं हृदय उजव्या बाजूला आहे."

"आमच्या घरात सरळ कुणीच न्हाई, बाई."

ती हसली नाही. "शी कुठल्या रंगाची होते?"

सून लाजली. मी गाठोडं टेबलावर सोडलं. वाटलं, बाई नाक दाबून पळेल. ती एकेक बाळोतं उलगडून उजेडाला धरत गेली. सगळी पांढरट, भिजल्या चुन्यासारखी. मुताचे डाग पिवळे, पण शीचा एकही ठिपका पिवळा नव्हता.

"पित्त आतड्यात उतरायची नळीच जन्मतः बंद दिसते," ती म्हणाली. "पित्त उतरलं तर शीला रंग येतो. काही लेकरांत हे असं जोडीनं येतं, आतल्या अवयवांच्या जागाही बदललेल्या असतात. दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. किती दिवसांची आहे?"

"सात आठवडे," सून म्हणाली.

"आणि आजवर औषध कुणाचं?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं नाही. "गावातल्या एका वैद्याचं."

तिनं मला झाकलं, याचीच मला चीड आली. "त्यो वैद्य मीच," मी म्हणालो. "तिचे तीन रविवार मी खाल्ले. आता कुठं न्यायचं ते सांगा."

चिठ्ठी पुण्याची मिळाली. त्याच दिवशी निघालो. ऑपरेशन झालं आणि आम्ही सगळे एका शीची वाट बघत बसलो. इतकी वाट मी पावसाचीही बघितली नव्हती. पाचव्या दिवशी सून बाळोतं नाचवत बाहेर आली. "मामा, पिवळी! जराशी हिरवट हाय, पण पिवळी!"

मी पेढे आणून अख्ख्या वऱ्हांड्यात वाटले. एकानं विचारलं, "काय झालं, मुलगा?"

"न्हाई. शी झाली."

नात आता चौथीत आहे. ताप येतो, गोळ्या चालू आहेत, दवाखाना सुटलेला नाही. पण शाळेत माझ्या बरोबरीला आली आणि पुढच्या वर्षी माझ्या पुढं जाणार, हे ती मला रोज ऐकवते.

लोक अजून येतात. मोठ्यांना खोंडाची गोष्ट सांगतो. तरी हात पुढं करतात. तान्हं लेकरू आलं की मात्र आधी म्हणतो, "बाळोतं दाखवा. न धुतलेलं." पांढरं दिसलं तर चुन्याला हात लावत नाही. पायात चप्पल घालतो आणि त्यांना लातूरच्या बसमध्ये बसवूनच परत येतो.