कंडक्टरचा भाडेकरू

कामाला किती वेळ लागतो, यावरून माणूस ओळखायची मला सवय आहे. आयुष्यभर भिंती बांधल्या. रोजावरचा माणूस शेवटच्या दोन थरांना आधीच्या दहांएवढा वेळ लावू लागला की समजायचं, काम लांबवतोय. कंडक्टरबद्दल मला तोच संशय आला.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतली सात-आठ डोकी टेलरकाकूंच्या दुकानात जमतात. एक जण पुस्तक वाचतो, बाकीचे ऐकतात आणि भांडतात. वाचणारा कंडक्टर. नोकरीतून निवृत्त झाला, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचतो. बायको गेल्यापासून एका खोलीत एकटाच असतो. शनिवारी सगळ्यांच्या आधी येतो, लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या वेचतो, मग सतरंजी टाकतो. वाचतो उभ्यानेच, कपाटाला खांदा लावून. कोणी उशिरा आलं तर पानावरून नजर न काढता म्हणतो, "पुढे सरका, आत जागा आहे." कामाला चोख माणूस. म्हणून तर मला खटकलं.

पुस्तक जाडीला करंगळीएवढं. थंडीत सुरू केलेलं, पंखे लावायची वेळ आली तरी संपेना. काकूंनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. हे पुस्तक झालं की दुकान बंद करून त्या लेकीकडे जाणार, कायमच्या. म्हणजे पुस्तक संपलं की आमचे शनिवार संपले. इतरांना घरी कोणीतरी होतं. कंडक्टर रविवारपासून शुक्रवारपर्यंत कोणाशी बोलत असेल, देव जाणे.

गोष्ट एका विधवा घरमालकिणीची. घर विकायचं की नाही, या विचारात ती असते. मध्येच वरच्या खोलीत एक भाडेकरू आला, घड्याळं दुरुस्त करणारा. आमच्यातल्या सिस्टर मोठ्या इस्पितळात नोकरी केलेल्या. त्यांना तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हा माणूस अंघोळ तरी करतो का, असं त्यांनी विचारलं. पुढच्या शनिवारी भाडेकरूने दोन बादल्या भरून अंघोळ केली. याला घरचं कोणी नाही का, म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्याची बहीण भेटायला आली. लेखक सिस्टरना घाबरतो, म्हणून सगळे हसले. मी हसलो नाही. छापून झालेलं पुस्तक आमचं ऐकतं कसं?

परवाच्या शनिवारी मी मुद्दाम कपाटाजवळ बसलो.

वाद जोरात होता. भाडेकरूचा डोळा घरावर आहे, असं सिस्टरचं म्हणणं. काकूंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, असेना का, त्याने घरातली बंद घड्याळं तरी चालू केली; तुमच्या घरातलं एक तरी चालतं का? इस्त्रीवाला सिस्टरच्या बाजूने बोलला, त्याची बायको काकूंच्या. मग ती दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली. कंडक्टर खुशीत होता. पुढे वाचू लागला. नजर पानावर, आवाज खणखणीत. पण बराच वेळ झाला तरी त्याने पान उलटलं नाही.

मी उठलो आणि पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं.

"काय झालं हो, मिस्त्री?" काकूंनी विचारलं.

मी चष्मा लावला. ते पान वाचलं, मागची चार वाचली. घरमालकीण होती, गिऱ्हाईकं घर बघायला येत होती. बाकी काही नव्हतं.

"यात वरची खोलीच नाही," मी म्हणालो. "घर बैठं आहे."

कंडक्टर भिंतीकडे बघत राहिला.

"म्हणजे मी दोन महिने कोणाशी भांडतेय?" सिस्टर म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

काकूंनी कंडक्टरला विचारलं, खरी पानं किती राहिली. सात, तो म्हणाला. वाचा, त्या म्हणाल्या.

त्याने वाचली. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. एक शब्द पदरचा घातला नाही. घरमालकिणीने घर विकलं, किल्ली दिली आणि निघून गेली. कंडक्टरने पुस्तक मिटलं. काकूंनी मशीनवर झाकायचं कापड घातलं. तरी कोणी उठेना.

अंगचोर माणसाची मला चीड आहे. पण हा माणूस आठवडाभर खोलीत बसून पुढचं जुळवत होता, आमच्या प्रत्येक शंकेला उत्तर शोधत होता. छापलेलं नुसतं वाचण्यापेक्षा ते दुप्पट काम. फक्त ते पुरं झालं नव्हतं.

"भाडेकरूचं अर्धवट ठेवलंय तुम्ही," मी म्हणालो. "असं टाकून जायचं नसतं."

काकू कापडाची कड सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याने तिला घर विकू दिलं असतं का हो?"

"विचार करावा लागेल," कंडक्टर म्हणाला.

"करा मग. एक शनिवार थांबते. एकच."

एका शनिवारात नक्की उरकतो, असं त्याने सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघायचं टाळलं.